रायबोसोम बिघडतो तेव्हा

(कोल्हापुरात शाहू स्मारक भवनात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

समोर अकरावी-बारावीची बरीच मुलं दिसताहेत, म्हणून पुस्तकातली आकृती पुन्हा काढत बसत नाही. डीएनएवरचा मजकूर आरएनएवर उतरतो, पेशीतला रायबोसोम तो तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि अमिनो आम्लं जोडत प्रथिन बनवत जातो, एवढं तुम्हाला पाठ आहे. जोडणीचं हे काम रायबोसोममधली प्रथिनं करत नाहीत, तिथला आरएनए करतो. हे मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटतं. रायबोसोमची रचना अणूपर्यंत उलगडली म्हणून २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतले वेंकटरामन रामकृष्णन चिदंबरमचे, पदवी बडोद्याची, तीही भौतिकशास्त्राची!

आता बघा. एखाद्या साध्या जनुकात उत्परिवर्तन झालं, तर एक प्रथिन बिघडतं. पण रायबोसोम तर सगळीच प्रथिनं बनवतो. त्यातच बिघाड झाला तर अख्खं शरीर कोलमडायला हवं ना? तसं होत नाही, आणि या विषयाची सगळी गंमत तिथंच आहे.

डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया नावाचा दुर्मिळ आजार आहे. बाळ बहुधा वर्षाचं व्हायच्या आतच पांढरंफटक पडतं. अस्थिमज्जा तपासली तर बाकीच्या पेशी साधारण ठीक. लाल पेशींच्या पूर्वज पेशीच जवळजवळ गायब. १९९९ मध्ये कळलं, की यातल्या साधारण चारांतल्या एका रुग्णात आरपीएस१९ या रायबोसोमच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच, दुसरी धड असते. उद्यमनगरातल्या कारखानदार मंडळींना हे लगेच उमगेल. दहापैकी पाच लेथ बंद पडले तर उरलेल्यांवरचा माल वाईट निघत नाही, कमी निघतो. मग अडते ती सगळ्यांत मोठी ऑर्डर. लाल पेशीला थोडक्या वेळात हिमोग्लोबिनचा ढीग उभा करायचा असतो. त्यात गाटा-१ हे प्रथिन, ज्याच्यावाचून लाल पेशी घडतच नाही, तेही रायबोसोम अपुरे असले की कमी बनतं. शिवाय जुळणी अर्धवट राहिली की पडून राहिलेले सुटे भाग पी५३ या पहारेकरी प्रथिनाला जागं करतात आणि पेशी स्वतःच मरून जाते.

जिवाणूंची तऱ्हा वेगळी. १९४३ मध्ये सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक जिवाणूच्या रायबोसोमला चिकटतं आणि त्याला चुकीचं वाचायला लावतं. क्षयाचा जंतू त्यावर उपाय शोधतो तो रायबोसोमच्या एस१२ या प्रथिनात. ४३ व्या जागेवर लायसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन आलं, की औषध निरुपयोगी, आणि जंतूला त्याची किंमत जवळपास शून्य. याच प्रथिनातले दुसरे काही बदल मात्र महागात पडतात. रायबोसोम इतका काटेकोर होतो, की कामच रेंगाळतं. काही जिवाणूंना तर पुढे स्ट्रेप्टोमायसिनवाचून वाढताच येत नाही! अचूकपणा जास्त झाला तरी पेशीला परवडत नाही, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटतं.

शेवटचं उदाहरण आपल्या घरापर्यंत येणारं आहे. आपल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांत, स्वतःचे रायबोसोम असतात. त्यांच्या आरएनएचं जनुक मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये असतं. तिथं १५५५ क्रमांकावर 'ए' या अक्षराच्या जागी 'जी' आलं, की तो रायबोसोम, औषध जिथं चिकटतं नेमक्या त्या भागात, जिवाणूच्या रायबोसोमसारखा दिसू लागतो. अशा माणसाला जेंटामायसिन किंवा अ‍ॅमिकासिन हे स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातलं प्रतिजैविक दिलं, की औषध त्याच्याच कानातल्या पेशींवर उलटतं; नेहमीच्या डोसनंतरसुद्धा कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. मायटोकॉन्ड्रिया येतात आईकडून. तेव्हा आईकडची आजी, मामा, मावशी यांच्यापैकी कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. वडिलांच्या बाजूनं हा दोष येत नाही.