यानाला धातूचं इंधन
(तुमसर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयातलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, तुमच्यापैकी कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी चिखल्याच्या नाहीतर डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीत कामाला आहे. धातूची ओळख तुम्हाला मी करून देण्याची गरज नाही. हाच धातू अवकाशयानाचं इंधन कसा होतो, तेवढं आज सांगतो.

इंधन म्हटलं की आपल्याला जाळणंच आठवतं. यानाला मात्र मागे काहीतरी फेकायचं असतं. फेक जितकी वेगवान, तितकं इंधन कमी लागतं. हायड्रोजन-ऑक्सिजन जाळणारं उत्तम इंजिनही सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास थांबतं, कारण त्या रसायनांत ऊर्जाच तेवढी असते. विजेनं फेकलं तर ही अडचण राहत नाही. नासाचं ‘डॉन’ यान २००७ मध्ये ४२५ किलो झेनॉन वायू घेऊन निघालं आणि तेवढ्यावर मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातल्या व्हेस्टा आणि सेरेस या दोन्ही गोलांपाशी पोचून त्यांच्याभोवती फिरलं. २०१७ मध्ये इस्रोनंही जीसॅट-९ या उपग्रहावर झेनॉन विजेनं फेकणारी प्रणाली पाठवली.

पण झेनॉन महाग आहे. हवेच्या एक कोटी भागांत तो एक भागसुद्धा नसतो. शिवाय तो साठवायला जास्त दाबाची टाकी, झडपा, नळ्या लागतात. धातूचा दांडा मात्र नुसता ठेवला तरी चालतो.

वेल्डिंगच्या दुकानात रॉड लोखंडाला टेकवून जरा उचलला की आर्क पेटतो. धातू फेकणाऱ्या यानाच्या इंजिनातही आर्कच आहे, फक्त निर्वातात. तिथे हवा नाही, म्हणून आर्क स्वतःला लागणारा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तापलेला वायू, धातूतूनच काढतो. धातूचा दांडा हे विजेचं ऋण टोक; त्याच्या पृष्ठभागावर काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपके पेटतात. तिथला धातू क्षणात प्लाझ्मा होऊन बहुतेक वेळा सेकंदाला १० ते २० किलोमीटर वेगानं सुटतो. त्यात धन भाराच्या आयनांसोबत ऋण भाराचे इलेक्ट्रॉनही बाहेर पडतात, त्यामुळे प्रवाहाचा विद्युतभार सावरायला वेगळं यंत्र लागत नाही. मला या रचनेतलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

सिडनी विद्यापीठात पॅडी न्यूमन यांनी वेगवेगळे धातू तपासले. मॅग्नेशियमनं इंधनाची बचत जास्त होते, मॉलिब्डेनमनं धक्का जास्त मिळतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीच्या एका छोट्या उपग्रहावर असे आर्क-थ्रस्टर, म्हणजे आर्कवर चालणारी छोटी इंजिनं, उडालेही. अडचणी आहेतच. वितळलेल्या धातूचे थेंब उडतात, ते हळू जातात आणि वाया जातात. बाष्प सौरपट्ट्यांवर बसू शकतं. धक्का इतका हलका की जमिनीवरून काहीच उचलणार नाही. हे काम कक्षेत पोचल्यानंतरचं.

आणि कक्षेत धातू आधीच आहे! जुने उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे मिळून हजारो टन माल तिथे फिरतोय. त्यातलं ॲल्युमिनियम वितळवून दांडे करावेत आणि तेच इंधन म्हणून वापरावं, यावर काही कंपन्यांनी काम सुरू केलंय. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण पृथ्वीवरून वर नेलेला प्रत्येक किलो महाग पडतो.

मघाशी एका मुलीनं विचारलं, आपलं मॅंगनीज चालेल का? बाळा, खाणीतलं मॅंगनीज ऑक्सिजनशी बांधलेलं असतं, आधी शुद्ध धातू काढावा लागेल. वीज वाहणारा घन धातू आर्कला तत्त्वतः चालतो. पण वेग किती, थेंब किती, हे निर्वात पेटीत दांडा ठेवून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. त्याला वीज साठवून झटक्यात सोडणारा कपॅसिटर, हवा काढणारा पंप आणि अगदी हलका धक्का मोजणारा काटा लागतो. नागपूरच्या एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजनं हा प्रयोग हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.