पहिलीच्या बाईंचं मत

(व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

सभापती महोदय... माफ करा, अध्यक्ष महोदय. सहा वर्षांची सवय जात नाही. विधानसभेत 'अध्यक्ष', आमच्या विधान परिषदेत 'सभापती'. माझ्या पहिल्याच भाषणात मी 'अध्यक्ष महोदय' म्हणालो, तर समोरच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, वर्ग चुकला!"

पत्रिकेत विषय छापलाय 'वरिष्ठ सभागृह हवे की नको'. त्यावर येतोच. पण मी शिक्षक मतदारसंघातून निवडून गेलेला माणूस. आधी त्या निवडणुकीचं सांगतो, कारण तिथेच सगळी मेख आहे.

आमच्याकडे मतदानाचं यंत्र नसतं. कागदाची मतपत्रिका आणि केंद्रावर मिळणारा जांभळा स्केचपेन. पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. अक्षरी 'एक' लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली, बाद. सही केली, बाद. स्वतःच्या खिशातलं पेन वापरलं तरी बाद. आता विचार करा, मतदार कोण? जन्मभर बरोबरच्या खुणा करणारी आणि रोज हजेरीपटावर सही करणारी माणसं! पहिल्या खेपेला मी पडलो. मोजणीच्या टेबलाशी उभा होतो. बाद मतांच्या गठ्ठ्यात एक पत्रिका दिसली. माझ्या नावासमोर टपोरी बरोबरची खूण, आणि खाली झोकदार सही. त्यांनी मला पास केलं होतं हो, पण निवडणूक आयोगाला ते चालत नव्हतं. (हशा) हसताय ते ठीक, पण हात वर करा, तुमच्यातल्या किती जणांनी सही केलीय?

असो. आमची सौ. तिसऱ्या रांगेत बसलीय. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यातली बरीचशी पहिलीच्या वर्गावर. मी अर्ज भरला त्या दिवशी तिनं विचारलं, "माझं नाव यादीत घातलंत का?" मी नमुना १९ चा अर्ज आणला आणि वाचून खाली ठेवला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ मध्ये अट आहे. माध्यमिक शाळेच्या खालच्या दर्जाच्या संस्थेत शिकवणारा शिक्षक या मतदारसंघाचा मतदार होऊ शकत नाही. वरच्या शाळांतले चालतात, गेल्या सहा वर्षांत तीन वर्षं शिकवलेलं असलं की झालं. प्राथमिकच्या बाईंनी तीस वर्षं शिकवलं तरी नाही. बरं, ती बी. ए. आहे. त्यामुळे पदवीधर मतदारसंघात तिला मत आहे. म्हणजे तिच्या पदवीला मत, नोकरीला नाही. ती एवढंच म्हणाली, "मग तुम्ही शिक्षकांचे आमदार की हायस्कुलाचे?"

हे आत्ता उगाळायचं कारण २०२५ चा उन्हाळा. १६ एप्रिलला जीआर निघाला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य. ओरड झाली. १७ जूनला दुसरा जीआर आला. त्यात 'अनिवार्य' गेलं, 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात वीस मुलं जमवा. आता पहिलीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. एकाला शेंबूड आलाय, दुसरीचा डबा सांडलाय, तिसरा 'क' उलटा काढतोय. यांच्यातून भाषावार वीस-वीस जमवायचे! २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. पावसाळी अधिवेशन सुरू होणार होतं ३० जूनला.

तारखा पाहा. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चअखेर संपलं होतं. जीआर निघाला तेव्हा सभागृह बंद, मागे घेतला तेव्हाही बंद. जीआरला सभागृह लागतच नाही. नंतर आमची मंडळी बोलली, चांगली बोलली. पण पहिलीच्या वर्गाबद्दल परिषदेत बोलणारे सात शिक्षक आमदार, आणि पहिलीला शिकवणाऱ्या एकाही बाईचं त्यांना मत नाही!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, छापलेला विषय.

परिषदेत ७८ जागा. ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडायच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी, सात पदवीधरांनी, सात शिक्षकांनी, बारा राज्यपालांनी नेमायच्या. त्या बारा २०२० पासून रिकाम्या पडल्या, २०२४ च्या ऑक्टोबरात सात भरल्या. शाळेत एवढी गैरहजेरी असती तर आम्ही पटावरून नाव काढलं असतं. अधिकार म्हणाल तर अर्थविधेयक चौदा दिवसांपलीकडे अडवता येत नाही. साधं विधेयक आधी तीन महिने, दुसऱ्यांदा आलं की एक महिना. मग काय उपयोग, असं लोक म्हणतात. आंध्रनं १९८५ साली परिषद घालवली, २००७ ला परत आणली, २०२० ला पुन्हा घालवायचा ठराव केला आणि २०२१ ला तोही मागे घेतला. माळ्यावरच्या पलंगासारखं, पाहुणे आले की उतरवायचा.

माझं म्हणणं, ठेवा. वि. स. पागे याच परिषदेचे सभापती होते, १९६० ते १९७८. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला, त्याचा पुढे १९७७ साली कायदा झाला. तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात ना, फेब्रुवारीत ३००? तो कर सुरू झाला रोजगार हमीसाठीच. निवांत बसून विचार करणाऱ्या सभागृहातून असलं काही निघतं.

पण दोन दुरुस्त्या हव्यात. शाळेच्या धोरणाचा कुठलाही जीआर अंमलात येण्याआधी दोन्ही सभागृहांपुढे चर्चेला यावा. आणि १७१ मधली ती 'माध्यमिक' अट जावी. ते संसदेलाच करावं लागेल, म्हणजे दिल्ली. दिल्लीचं कसं करायचं तेही लिहून आणलं होतं, पण ही दुसरी चिठ्ठी आली.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. फक्त तिसऱ्या रांगेतला नको. तो मला पाठ आहे, उत्तर अजून सापडायचंय.