पाटी नसलेला लेथ

(शेडचं दार उघडतं. आत एकच दिवा.)

या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, कंपनीची पाटी नाही. पाटीच्या जागी रिव्हेटची चार भोकं आहेत आणि भोकांत वाळलेलं ग्रीस. बघायला येणारा प्रत्येक जण आपापला अंदाज सांगतो. कुणी म्हणतं कर्नाटकातल्या हरिहरचा असणार. १९४१ साली तिथं म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथले लेथ आमच्या भागात आजही दिसतात. कुणी म्हणतं, छे, पंजाबातल्या बटाल्याचा. मी दोघांनाही हो म्हणतो.

कोल्हापूर. घरामागची पत्र्याची शेड, १२ फूट बाय १०. उद्यमनगरातल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून हा लेथ भंगाराच्या भावानं घेतला, म्हणजे किलोवर. वजन पाऊण टनाच्या आसपास. चेन पुली, दोन पहारी आणि पाइपचे चार तुकडे, एवढ्यावर तो आत आणला. लेथ हेडस्टॉकच्या (जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरवणारं डोकं) बाजूला जड, त्यातही वरच्या अंगाला जड; जरा कलला की आडवाच होतो. त्या दिवसाचं चित्रीकरण नाही, कारण कॅमेरा धरायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

साफसफाई थोडक्यात सांगतो: डिझेल, ब्रश, आठ दिवस. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, कापताना उडणारी काळी पूड तेलात कालवली की तिची खळ होते, आणि ती सॅडलखाली (टूल वाहून नेणारा सरकता भाग) जाऊन बेड, म्हणजे लेथचा खालचा लांब पाया, घासत राहते.

(क्लोजअप: बेडवरून फिरणारं नख.)

चकपासून (जॉब पकडणारा जबडा) दीड वीत अंतरावर नखाला एक बारीक पायरी लागते. चकपासून तिथपर्यंत बेड झिजलाय. तिथून पुढं टेलस्टॉकपर्यंत (लांब जॉबला दुसऱ्या टोकानं आधार देणारा भाग) जवळपास कोरा. म्हणजे या लेथनं आयुष्यभर आखूड जॉब केले. बुश, पिना, छोट्या पुल्या. लांब शाफ्ट त्याच्या वाट्याला क्वचितच आले असतील.

डायल (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावला. पुढच्या व्हीवरची, म्हणजे सॅडल ज्यावर सरकतं त्या व्ही आकाराच्या पट्टीवरची, झीज ०.०६ मिलिमीटर. वहीच्या कागदाहून पातळ.

शेजारी एक निवृत्त टर्नर राहतात. सगळी गल्ली त्यांना मेस्त्री म्हणते. त्यांना आकडा सांगितला तर म्हणाले, "खाली किती बसलंय ते सोड की. आडवं किती गेलंय ते सांग."

(फळ्यावर खडूनं काढलेली आकृती.)

हे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. टूलचं टोक सरळ खाली ०.०६ उतरलं, तर ५० मिलिमीटरच्या जॉबचा व्यास ०.०००२ सुद्धा बदलत नाही. विसरून जा. पण बेड पुढच्या बाजूनं जास्त झिजतो, मागच्या बाजूनं कमी. त्यामुळं सॅडल पुढं झुकतं. टूल बेडच्या वर १६५ मिलिमीटरवर, आणि पुढच्या-मागच्या वेजमधलं (बेडवरच्या सरकपट्ट्यांमधलं) अंतर २५०. म्हणून पुढची ०.०६ झीज टूलला जॉबपासून ०.०४ लांब ओढते. व्यासात त्याची दुप्पट, ०.०८. जॉब चकजवळ जाड आणि पुढं बारीक होत जातो. टेपर. बेअरिंगची सीट असली तर जॉब भंगारात.

मग बेड ग्राइंड करून का नाही आणला? विचार केला होता. पण बेड खाली गेला की सॅडल खाली, सॅडलबरोबर त्याला लटकलेला एप्रन खाली, आणि लीडस्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) मात्र होता तिथंच. एकाला हात लावला की चौघं उठून उभे. जिब (सॅडलची ढिलाई काढणारी पट्टी) घट्ट करून भागेल असंही वाटलं होतं. चकजवळ छान बसली. सॅडल टेलस्टॉककडे सरकवलं तर मध्येच अडकलं. कोऱ्या बेडवर तेवढी मोकळीकच नव्हती.

बेड आहे तसा ठेवला.

(निळ्या डागांनी भरलेली स्लाइड.)

हात चालवला तो क्रॉस स्लाइडवर, म्हणजे सॅडलवर टूल आडवं सरकवणाऱ्या भागावर. सरफेस प्लेटवर (सपाटपणा तपासायची प्लेट) निळा रंग अगदी पातळ पसरायचा, स्लाइड त्यावर घासायची. निळं उमटेल तिथं उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा निळा रंग. सुरुवातीला चौरस इंचात २-३ ठिपके. मी जोर लावत होतो. मेस्त्री म्हणाले, "आरं, खवणीवर नारळ खवतोस काय?" अकराव्या दिवशी १२-१५ ठिपके आले, म्हणजे स्लाइड बरीच सपाट झाली.

प्लेट तरी सपाट कशावरून, हा प्रश्न मलाही पडला होता. दोन प्लेट एकमेकींवर बसवत गेलं तर एक खोलगट, एक फुगीर होऊनही त्या जुळतात. तीन प्लेट आळीपाळीनं जुळवल्या तर ती पळवाट उरत नाही. जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली ग्लासगोत ही रीत मांडली.

मोटार १ एचपी, थ्री फेज. घरात सिंगल फेज. व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा ड्राइव्ह) लावला, मोटारीची जोडणी स्टारमधून डेल्टात केली आणि ती फिरली. फक्त एक सांगतो: या लेथचा चक आट्यांवर बसतो. उलटं फिरवताना झटका दिला तर चक सुटून अंगावर येईल. म्हणून फिरणं आणि थांबणं, दोन्ही संथ ठेवलंय.

(गिअर कव्हरची आतली बाजू.)

कव्हरचा रंग खरवडायला घेतला आणि थांबलो. आत ऑइल पेंटनं लिहिलेलं होतं: १.५ – ३० / १२७.

लीडस्क्रू इंचाचा आहे, इंचाला ४ आटे. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं. गिऱ्हाईक मिलिमीटरमध्ये बोल्ट मागू लागलं तरी लेथ इंचातच होता. तोड म्हणजे १२७ दात्यांचा गिअर: ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. तो आणि ३० चा लावला की १.५ मिलिमीटरचा आटा निघतो, अगदी अचूक. अट एकच, आटा पुरा होईस्तोवर हाफ नट (सॅडल लीडस्क्रूला जोडणारा, उघडता येणारा नट) उघडायचा नाही.

कव्हरच्या आत रंग दिला नाही.

आता माझी चूक. लेथ मी शहाबादी फरशीवर उभा केला होता. जाड बार चकमध्ये धरून त्यावर १५० मिलिमीटर अंतरानं दोन कॉलर (कडी) ठेवल्या, टूल न हलवता दोन्हींवर एकच हलका कट घेतला. फरक ०.०९. फरशी एका कोपऱ्यात दबली होती आणि बेडला पीळ बसला होता. फरशी उखडली, काँक्रीट घातलं, तीन आठवडे पाणी मारलं, लेव्हल केली. फरक ०.०४. हा राहिलेला भाग झिजेचा.

मेस्त्री उकिडवे बसले. टेलस्टॉककडच्या मागच्या पायाखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली आणि बोल्ट आवळला. ज्या पिळाशी मी महिनाभर भांडलो, तोच त्यांनी उलट बाजूनं, मोजून दिला. पुन्हा कट.

०.०२.

"आणखी आवळू?" मी विचारलं.

"नगं. बिडाला किती पिळशील?"

(ब्रश. ऑइल पेंटचा छोटा डबा.)

पहिला जॉब याच लेथचा होता, काउंटरशाफ्टचा (मोटार आणि लेथच्या मधला शाफ्ट) गन मेटल बुश. तो बसल्यावर कव्हर उघडलं आणि जुन्या ओळीखाली लिहिलं: १५० ला ०.०२, मागं पट्टी आहे, काढू नये.