ठेका सुटला नाही पाहिजे

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातली अरुंद गल्ली, जिन्याखाली लावलेल्या सायकली. वरून तबल्याचा आवाज.]

मे महिना आहे. नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकलाय, आणि वरच्या मजल्यावरच्या या तबल्याच्या वर्गात कूलर बंद आहे. वीज गेलेली नाही, सरांनीच बंद केलाय. कूलरची ओली हवा लागली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो. कूलर थांबला की कोरड्या उन्हाळ्यात तोच सूर वर सरकायला लागतो. म्हणून वर्गाच्या बराच आधी कूलर बंद. घाम येतो तर येऊ द्यायचा.

[दृश्य: हातोडी, गजरा, मुलीचा चेहरा.]

ही मुलगी अकरावीत आहे. चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, बोट मारून ती ऐकते, हातोडीचा हलका ठोका देते, तबला जरासा फिरवते, पुन्हा ऐकते. सूर उतरलेला असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या गुंफलेल्या कडेवर, वरून ठोका, चढलेला असेल तर खालून. एक बाजू लागली की समोरची कुरकुरते. गजऱ्याभोवतीची सोळाही घरं एका सुरात बोलेपर्यंत वाजवायला बसायचं नाही. आधी हे काम सर करून द्यायचे. आता ती करते, आणि तेवढा वेळ कोणी तिच्याशी बोललेलं तिला खपत नाही.

[दृश्य: वर्गातली इतर मुलं.]

वाद्य शिकलं की पोरं हुशार होतात, असं हल्ली सर्रास सांगतात. १९९३ साली मोझार्टचं संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते, अशी बातमी जगभर पसरली होती. मूळ प्रयोग होता कॉलेजातल्या ३६ मुलांवर, आणि परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं! ते नुसतं ऐकणं होतं. वाजवण्याची गोष्ट वेगळी. १९९५ मध्ये तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले, तेव्हा डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत इतरांपेक्षा जास्त जागा दिसली. लहान वयात सुरुवात केलेल्यांमध्ये तर आणखी जास्त. बोटांचं हे असं झालं. स्वभावाचं काय होतं, ते बघायला मात्र शुक्रवारी इथे येऊन बसावं लागतं.

शुक्रवारी सर गाणं शिकणाऱ्या मुलांना बोलावतात.

तबल्याच्या पोरांना हौस कायद्याची, रेल्याची, तुकड्यांची, म्हणजे तबल्याच्या स्वतःच्या रचनांची. टाळ्या तिथेच पडतात ना! सर लावतात विलंबित एकताल, म्हणजे गाण्याखाली संथ लयीत फिरत राहणारा ठेका. मात्रा बारा, पण एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, संपायला पाऊण मिनिट, कधी मिनिटभर. धिं... धिं... धागे... तिरकिट... गाणारी आलाप लांबवते, मधेच अडखळते, पुन्हा उभी राहते. तबल्याने घाई करायची नाही आणि मधल्या मोकळ्या जागेत आपली हुशारीही पाजळायची नाही.

‘काहून पळून राह्यली वं? गाडी सुटून राह्यली का?’ सर न बघताच विचारतात.

मुलगी म्हणते, ‘पहिले मला बोरच होऊन राह्यलं होतं. कायदा चांगला वाजत होता माझा, अन् सर म्हणे ठेका धर. आता कॉलेजात कोणी बोलत असलं तर मी मधात तोंड नाही घालत.’

मागून आई म्हणते, ‘घरी घालते.’

तबल्याने या मुलीला काही दिलं असेल तर ते हेच, असं आम्हाला वाटतं. परीक्षेची प्रमाणपत्रं भिंतीवर आहेतच. पण दुसऱ्याचं गाणं उभं राहावं म्हणून आपण खाली बसून राहायचं, हे सोळाव्या वर्षी कोण कोणाला शिकवतं?

[दृश्य: नागपूरच्या नंदनवन वस्तीतलं मुलीचं घर, खंजिरी भजन.]

घरी आजोबा खंजिरी वाजवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने विदर्भातल्या गावोगावी माणसं जमवली, आजोबांचं भजनी मंडळ त्यातलंच एक. रंग चढला की आजोबांची खंजिरी पळत सुटते, आणि सगळी मंडळी तिच्यामागे. नात तबल्यावर असली की लय वाढते, पण विस्कटत नाही. मंडळातल्या बायका आता तिची वाट बघतात.

[दृश्य: भिंतीवर ट्यूशनचं वेळापत्रक.]

खरा अडथळा दहावीपासून सुरू होतो. कला-परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून नववीत वर्ग भरतो. गुण पदरात पडले की तबल्यावर गवसणी चढते ती चढतेच. हिच्या बाबांचंही म्हणणं तेच होतं, आधी बारावी. सरांनी त्यांना वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण दिलं. सिव्हिल लाइन्समध्ये ज्यांच्या नावाचं सभागृह आहे ते वसंतराव नागपुरातच शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि पुढे पुण्यात कितीतरी वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गायले. बाबा म्हणाले, ‘ते वसंतराव होते, सर.’ मुद्दा बिनतोड होता. सरही हसले.

शेवटी तोडगा निघाला. बारावीपर्यंत आठवड्यातून दोनच दिवस वर्ग, परीक्षेच्या महिन्यात एक.

‘तो एक कोणता?’ बाबांनी विचारलं.

‘शुक्रवार,’ मुलगी म्हणाली.