थंडीचा धक्का सेकंदांत, पेशींचा बचाव आठवड्यांत

बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत बुडवलेला हा हात. दुसऱ्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा. मिनिटभरात वरचा आकडा चढतो. निरोगी माणसातही पाऱ्याच्या १० ते २० मिलिमीटरची वाढ सहज दिसते. १९३० च्या दशकापासून डॉक्टर ही चाचणी वापरत आहेत. गार पडला तो फक्त एक पंजा, पण भार आला हृदयावर.

त्वचेतल्या चेतातंतूंवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं. गारवा लागला की ते उघडतं आणि मेंदूकडे संदेश जातो. बर्फाच्या पाण्यात वेदनेचे तंतूही त्यात भर घालतात. अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणारी यंत्रणा, नॉरॲड्रिनॅलिन हे रसायन सोडते आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. शरीराची ऊब वाचते, पण हृदयाला आता जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं.

इथे हृदयाची एक अडचण आहे. आपल्या वाट्याच्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन ते विश्रांतीतच काढून घेतं. गरज वाढली की रक्ताचा प्रवाहच वाढावा लागतो. निरोगी करोनरी धमन्या, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, त्यासाठी रुंदावतात. मेदाचे थर साचलेल्या धमन्या मात्र उलट आकुंचन पावू शकतात. गार वाऱ्यात चढ चढताना छाती भरून येते, ती यामुळे.

आता संपूर्ण शरीर १५ अंशांखालच्या पाण्यात. पहिल्या काही सेकंदांत मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, धाप लागते, नाडी धावते. हा धक्का दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्याच वेळी चेहरा बुडवून श्वास रोखला, तर मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस चेता नाडी मंद करू पाहते. एकाच हृदयाला दोन विरुद्ध हुकूम मिळतात आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून सूर मारून उतरणं सर्वांत वाईट.

पेशीच्या आत दुसरी लढाई चालते. कुडकुडणारे स्नायू विश्रांतीच्या चार-पाच पट ऊर्जा जाळू शकतात. ऑक्सिजनचा खप वाढतो आणि मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतून, निसटलेल्या इलेक्ट्रॉनांपासून सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं इजा करू शकणारं रूप बनतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर (एन्झाइम) त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग कॅटलेज किंवा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरं त्याचं पाणी करतात; यातलं दुसरं त्यासाठी पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन वापरतं. ही दुसरी पायरी मागे पडली तर पेरॉक्साइड साठतं. त्याची लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक हा फार आक्रमक रेणू तयार होतो आणि पेशीपटलातल्या मेदाम्लांना इजा करतो. यकृताच्या मानाने हृदयात कॅटलेज फारच कमी, त्यामुळे हृदयाची मोठी भिस्त ग्लुटाथायोनवर आणि सेलेनियमवर चालणाऱ्या त्याच्या विकरावर.

पेशींच्या बचावाची ही फळी वाढू शकते का? जर्मनीत १९९० च्या दशकात हिवाळी पोहणाऱ्यांचं रक्त तपासलं गेलं. पोहल्यानंतर लगेच रक्तातलं युरिक आम्ल (तेही असाच बचाव करतं) घटलेलं आणि लाल पेशींत ऑक्सिडीकृत, म्हणजे वापरलं गेलेलं, ग्लुटाथायोन वाढलेलं दिसलं, म्हणजे साठा खर्च होत होता. नियमित पोहणाऱ्यांत मात्र एरवीही वापरायला तयार ग्लुटाथायोन जास्त होतं. ही मोजमापं रक्तातली आहेत, हृदयाच्या स्नायूतली नव्हेत. तेवढाच अर्थ त्यातून काढावा.

धक्क्याची सवय तुलनेने लवकर होते: दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनी धाप आणि नाडीची उसळी बरीच कमी होते. विकरांची फळी उभी राहायला त्याहून फार जास्त काळ लागतो. आणि धाप कमी झाली म्हणून धमन्यांतले थर कमी झाले, असं अजिबात नाही.

उतरायचंच असेल तर आधी पाय, मग कंबर, मग छाती. डोकं वर ठेवा आणि श्वास सोडत राहा. एकट्याने नाही, मद्य घेऊन तर मुळीच नाही: मद्य त्वचेच्या वाहिन्या रुंदावतं आणि ऊब निघून जाते. बाहेर आल्यावरही अंतर्गत तापमान काही वेळ उतरतच राहतं. ओले कपडे लगेच काढा, अंग कोरडं करा, आधी धड झाका. लगेच कढत पाण्याखाली उभं राहिलात तर वाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो, चक्कर येते. छातीत दुखण्याचा, ठोके चुकण्याचा किंवा अनियंत्रित रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय थंड पाण्यात उतरू नये.