फोडणी, होम आणि छतावरचा अलार्म

मंडळी, आधी एक सांगा, सत्यनारायणाच्या दिवशी छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली नाही असं कोणी आहे का इथं? हसू नका. मी इथं न्यू जर्सीत इलेक्ट्रिशियनचं काम करतो, आपल्या लोकांच्या घरी गेलो की आधी वर बघतो, आणि रबरबँड लावलेली प्लास्टिकची पिशवी दिसते, पूजा होऊन सहा महिने झाले तरी तशीच. काही घरांत तर अलार्मच नसतो, नुसता प्लग लोंबत असतो, अलार्म कुठाय विचारलं की वहिनी ड्रॉवर उघडून दाखवतात, "फोडणी टाकली रे टाकली की बोंबलतो हो मेला!"

आता तो बोंबलतो त्याला कारण आहे. जुने बरेच अलार्म आयोनायझेशनवाले, आत अमेरिशियम-241 या किरणोत्सर्गी पदार्थाचा इवलासा अंश असतो, तेलाच्या बारीक धुराला ते पटकन बिथरतात. फोटोइलेक्ट्रिकवाले आत उजेड सोडतात आणि धुरावरून तो विखुरला की वाजतात, ते फोडणीला त्या मानानं शांत असतात, शिवाय सोफा-गादी धुमसायला लागली तर लवकर ओळखतात. म्हणून किचनच्या बाजूला फोटोइलेक्ट्रिकच घ्या आणि शेगडीपासून निदान 10 फूट लांब लावा, बाथरूमच्या दारापासूनही 3 फूट, नाहीतर गरम पाण्याच्या वाफेनं वाजणार. होम करायचाय? पॅटिओवर करा की. आणि चुकून वाजलाच तर हश बटण असतं, ते काही मिनिटं गप्प करतं आणि नंतर आपोआप परत चालू होतं, शॉवर कॅप आपोआप निघत नाही.

बरं, कुठं कुठं लावायचे? प्रत्येक बेडरूममध्ये, बेडरूमच्या बाहेर, आणि बेसमेंट धरून प्रत्येक मजल्यावर. सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साईडचा, बेडरूमबाहेर हवाच.

हार्ड-वायर्ड, म्हणजे घरातल्या विजेच्या वायरिंगला जोडलेल्या, अलार्मला तीन वायरी येतात. काळी आणि पांढरी म्हणजे 120 व्होल्ट, ते सगळ्यांना कळतं. खरी गंमत तिसरीची, भिंतीतल्या केबलमध्ये ती बहुतेक लाल असते, अलार्मच्या प्लगला नारिंगी नाहीतर पिवळी. खाली बेसमेंटमध्ये फर्नेसपाशी, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीपाशी, रात्री दोनला धूर झाला, तर तिथला अलार्म या वायरीतून बाकीच्यांना सिग्नल देतो आणि वर दार लावून झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरचाही वाजतो. म्हणून एक काढून ड्रॉवरमध्ये टाकला की फक्त किचनचा अलार्म गेला असं नाही, किचनमध्ये लागलेल्या आगीची वर्दी बेडरूमला देणारा गेला.

बदलताना ब्रेकर बंद करा, टेस्टरनं बघा, मग अलार्म डावीकडे फिरवला की छतावरच्या पट्टीतून सुटतो, प्लगच्या दोन्ही बाजूच्या कडा दाबून प्लग ओढा. नवा आणलात तर त्याचाच प्लग आणि त्याचीच पट्टी लावायची, कारण प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा, जुना घुसतोय म्हणून घुसवू नका. आणि घरात वेगवेगळ्या कंपन्यांची खिचडी तर नकोच, एकमेकांचं बोलणं कळत नाही त्यांना. तिसरी वायर तिसरीलाच, ती पांढरीला किंवा अर्थिंगला कधीच जोडायची नाही. ब्रेकर चालू करून टेस्ट बटण दाबून धरा आणि दुसऱ्याला वरच्या मजल्यावर उभं करा, तिकडं वाजला का विचारायला. ज्या घरात वायरिंगच नाही तिथं मात्र लायसन्सवाला बोलवा, परमिट लागतं.

आता सीओ. याला ना वास ना रंग, रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त चिकटतो, डोकं दुखतं, मळमळतं, आपल्याला वाटतं बाहेरचं खाणं बाधलं. 2012 च्या सँडी वादळात लाईट गेल्यावर लोकांनी जनरेटर गॅरेजमध्ये लावले, त्यातून विषबाधा झाल्या, माणसं गेली. जनरेटर घरापासून 20 फूट लांब, गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी चालत नाही. बर्फ पडला की फर्नेसचा बाहेर निघणारा पांढरा पाईप बुजलाय का तेही बघत जा, आणि वांगं भाजायला कोळशाची शेगडी घरात आणू नका, प्लीज. पुण्या-मुंबईकडे बंद बाथरूममध्ये गॅस गिझरनं माणसं जातात ना, तोच हा गॅस. आणि अलार्म काही क्षणात वाजत नाही बरं का, 70 पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग सीओ असताना, एक ते चार तास लागू शकतात, 400 ला 4 ते 15 मिनिटं. म्हणून डोकं दुखतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय असं असेल तर अलार्मची वाट बघू नका.

अलार्म काढून मागं बघा, तारीख छापलेली असते. स्मोकचा 10 वर्षांनी बदलायचा, चालत असला तरी. बॅटरी नवी घालूनही मिनिटामिनिटाला चिर्प करतोय म्हणजे त्याचं आयुष्य संपलंय.

भारतातून आई-बाबा आले की त्यांना टेस्ट बटण दाबून ऐकवा. तीन बीप लागोपाठ म्हणजे धूर, चार म्हणजे सीओ. चार ऐकू आले की चपला शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं, 911 चा फोन बाहेरून.