टाकी उतरते म्हणजे कुठंतरी गळतंय

नमस्कार श्रोतेहो.

खानापूरचे एक निवृत्त मास्तर आपली इलेक्ट्रिक कार घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या गॅरेजात आले. तक्रार एवढीच, की समोर कूलंटचा, म्हणजे गाडी गार ठेवणाऱ्या द्रवाचा, दिवा लागतो, टाकी भरली की चार दिवस गप्प बसतो आणि परत लागतो.

"भरता काय मास्तर?"

"बोरचं पाणी की ओ. आम्ही पितो तेच."

मी कपाळाला हात लावला. मास्तरांचा तसा दोष नाही. जीपगाडीच्या रेडिएटरमध्ये ओढ्याचं पाणी घालून आपण सगळ्यांनीच आयुष्य काढलंय.

बॅटरीवरच्या गाडीला कूलंट कशाला, असं पुष्कळ लोक विचारतात. इंजिन नसलं तरी ताप आहेच. चोर्ला घाट चढताना मोटर तापते, तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर तापतो, आणि फास्ट चार्जिंगला लावली की बॅटरी तापते. लिथियम बॅटरीला माणसासारखीच हवा मानवते, साधारण 20 ते 35 अंशांची. म्हणून ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचं मिश्रण विजेवरचा छोटा पंप सतत फिरवत असतो. बोरच्या पाण्यात क्षार. ते बॅटरीखालच्या बारीक वाटांत थर धरतात, अ‍ॅल्युमिनियम खातात, आणि क्षारांमुळे त्या पाण्यातून वीजही जास्त वाहते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच कूलंट घाला. रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं गुलाबी आणि दुसऱ्या कंपनीचं गुलाबी एकच असेल असं नाही.

हे कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही. टाकी उतरली म्हणजे ते कुठंतरी गेलंय.

घरी तुम्हाला एवढं करता येतं. सकाळी, गाडी गार असताना, सपाट जागेवर, कूलंट जिथवर आहे तिथं टाकीच्या अंगावर मार्करने रेघ मारा. गरम असताना झाकणाला हात नको. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. उन्हाळ्यात एसीचं पाणी ठिबकतंच, ते रंगाशिवायचं, साधं पाणी. कूलंटला रंग असतो आणि ते बोटाला बुळबुळीत लागतं. चाखून मात्र बघू नका, ते विषारी आहे.

मास्तरांनी पुठ्ठा ठेवला होता. कोरडा ठाक! म्हणून ते म्हणत होते, गळत नाही, पंपच पितोय. खरी गंमत अशी, की या गाड्यांना खालून प्लास्टिकचं मोठं कव्हर असतं. गळलेलं त्यात साठतं, आतल्या फोममध्ये मुरतं, आणि कधी बाहेर आलंच तर गळतीपासून दोन हात लांब टपकतं. थेंब पडला तिथंच वर बघत बसलात, तर दिवस जातो.

कव्हर काढण्याआधी एक काम. नारिंगी वायरी म्हणजे तीनशे-चारशे व्होल्ट. तिथं शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात घालू नये. आम्ही बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, पुस्तकात सांगितलाय तितका वेळ थांबून, रबरी हातमोजे घालून मेगर, म्हणजे इन्सुलेशनमधून वीज निसटते का ते मोजायचं यंत्र, लावलं. बॅटरीच्या पेटीच्या आत कूलंट गेलं, तर इन्सुलेशनचं माप घसरतं. गाडी चार्जिंग नाकारू शकते, आणि मग गॅरेजवाल्याने स्वतः पेटी उघडायची नसते. मास्तरांचं नशीब चांगलं, माप ठीक आलं. गळती बाहेरची होती.

टाकीच्या तोंडाला हातपंप लावला आणि झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरली. त्याच्या वर गेलं तर चांगले जोडही सुटतात. दाबाचा काटा थांबला. पाच मिनिटांनी बघतोय तर केसभर खाली. पंधरा मिनिटांनी आणखी थोडा. मग कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून गाडी चालवून आणली, आणि तो रंग दाखवणारी निळ्या उजेडाची टॉर्च घेऊन पोरगा खाली शिरला. हुबळीकडचा पोरगा तो. पाच मिनिटांत खालून ओरडला, "अण्णा, इल्लि सोराकत्तैति!" इथं गळतंय. मोटरकडे जाणाऱ्या नळीचा प्लास्टिकचा खटका-जोड, त्यातली रबरी रिंग चपटी झालेली, आणि भोवती वाळलेल्या कूलंटचा खवला.

रिंग किरकोळ पैशांची. काम मात्र दिवसभराचं झालं, ते बोरच्या पाण्यामुळे. सगळं कूलंट काढलं, शुद्ध पाण्याने दोनदा धुतलं, नवं भरलं. भरल्यावर हवा काढणं हे खरं किचकट काम. हवेचा बुडबुडा अडकला की पंप नुसता फिरतो, कूलंट हलत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने पंप चालू करून टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बसलो. गळती बंद करायची पावडर मिळते, ती मी वापरत नाही. गळती थांबेल न थांबेल, बारीक वाटा आधी बुजतील.

मग परत हवेचा दाब, अर्धा तास. काटा हलला नाही. वंटमुरी घाट चढून-उतरून आणली आणि रात्रभर गार होऊ दिली. सकाळी कूलंट रेघेवर.

काढलेलं जुनं कूलंट कॅनमध्ये बंद करून उंच फळीवर ठेवलं. गोडसर चवीमुळे कुत्री ते चाटतात आणि मरतात, म्हणून गटारात ओतत नाही. कॅनवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहिलं, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. शब्द दोन्हीकडे एकच आहे, लिपीच तेवढी बदलली.

मास्तरांनी जाताना डिकीतली बोरच्या पाण्याची बाटली काढली आणि आमच्या दारातल्या तुळशीला घातली.

नमस्कार.